वाचणारं बोट

तिसऱ्या ओळीत ती अडखळली आणि समोर मास्तरांची पेन्सिल थांबली. ती पेन्सिल थांबल्याचं एरवी तिला कधी जाणवायचं नाही, कारण तशी वेळच यायची नाही. ती सपासप वाचत जायची आणि मास्तर मूळ प्रतीवर डोळ्यांनी तिच्यामागे धावायचे. ब्रेलच्या छापखान्यात मुद्रितशोधन असं जोडीनंच चालतं. एकजण बोटांनी ठिपके वाचत मोठ्यानं बोलतो, दुसरा डोळस माणूस शाईच्या प्रतीवर ते ताडून बघतो आणि चूक सापडली की पान, ओळ आणि अक्षराच्या सहा ठिपक्यांतला कितवा ते टिपून ठेवतो. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन इथे आले होते आणि गेली बारा वर्षं ही जोडी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होती.

छापखान्यात तिला कानामात्रा म्हणत. नववीच्या भूगोलाच्या अख्ख्या खंडात तिला एकच चुकलेली मात्रा सापडली होती आणि त्यासाठी तिनं सगळा गठ्ठा परत यंत्रावर चढवायला लावला होता. ज्यानं हे नाव पाडलं त्याला टोमणा मारायचा होता. तिनं तो पदवीसारखा मिरवला.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"थांबा जरा. वरचा ठिपका आहे की नाही तेच कळेना."

तिनं पुन्हा बोट फिरवलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक, जे गेली पंचवीस वर्षं तिच्यासाठी वाचत होतं, ते आज जाड गोधडीवरून चाचपल्यासारखं बधिर होतं. कातडी कडक झाली होती, मधोमध एक भेग पडली होती आणि भेगेच्या कडेला ठिपका लागला की ठिपक्याऐवजी नुसती आग कळायची. तिनं डाव्या तर्जनीनं प्रयत्न केला. डावी तर्जनी ओळ धरून ठेवायची, पुढची ओळ कुठे सुरू होते ते सांगायची. वाचायचं काम तिला कधी दिलंच नव्हतं. पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लागलं. तोवर मास्तरांनी शब्द सांगून टाकला, आणि तो तिला भेगेहून जास्त झोंबला.

हे सुरू होऊन दोन महिने झाले होते. आधी नुसती खाज, मग बारीक पाण्याचे फोड, मग सालपटं. घरी ती धाकट्या बहिणीबरोबर राहायची. बहीण घरातच शिवणकाम करायची. तिला रोज संध्याकाळी बोट दाखवायचं आणि विचारायचं, कसं दिसतंय. "थोडं लाल आहे गं ताई," बहीण म्हणायची. जन्मापासून आंधळ्या माणसाला लाल म्हणजे काय समजणार? ती खोदून विचारायची: कालच्यापेक्षा किती, कुठून कुठपर्यंत, कड कशी आहे. बहीण मशीनचं चाक फिरवत म्हणायची, "बोट आहे का शेतजमीन, मोजणी करायला?" पण त्या थट्टेत एक घाई असायची. विषय बदलायची ती घाई तिला बरोबर ऐकू यायची, आणि मग आपल्याला काहीतरी सांगितलं जात नाहीये या विचारानं ती दुसऱ्या दिवशीच्या पानावर आणखीच अडखळायची.

छापखान्यात विज्ञानाचं पाठ्यपुस्तक चाललं होतं, सात खंडांचं. शाळा सुरू व्हायच्या आत ते जायला हवं होतं आणि दुसऱ्याच खंडात काम रेंगाळलं होतं. व्यवस्थापक भले गृहस्थ होते. त्यांनी तिला खोलीत बोलावून, खुर्ची पुढे ओढून, अगदी हळू आवाजात सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बोट ठीक झालं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या वाचकाला बोलावतो, तू तोवर बांधणीत बस. बांधणी विभाग वाईट नव्हता. पण तिथे "तोवर" बसायला गेलेलं कुणी परत टेबलावर आल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि नोकरीचं एक वेळ जाऊ दे. डोळस माणसाचा चष्मा फुटला तर दुसरा मिळतो. तिचं वाचणं, लिहिलेलं तपासणं, बँकेचं पत्र, गोष्टीचं पुस्तक, औषधाच्या डबीवर बहिणीनं चिकटवलेली पट्टी, सगळं त्या बोटभर कातडीवर उभं होतं. ती गेली तर पस्तिसाव्या वर्षी ती रातोरात निरक्षर होणार होती.

आधी ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न बरोबर होता: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? कामाच्या ठिकाणच्या पदार्थानं कातडी बिघडत असेल तर सुट्टीत ती सुधारते, कामावर गेलं की परत बिघडते. तिनं खरं ते सांगितलं. उलट व्हायचं. आठवड्याच्या शेवटी दोन दिवस घरी राहिली की सोमवारी बोट सगळ्यांत वाईट असायचं. मग हे घरातलंच काहीतरी, डॉक्टर म्हणाले: साबण, लसूण, भांड्यांची पावडर. बोट जपा, कोरडं ठेवा, झाकून ठेवा.

बोट जपणं तिला नव्यानं शिकवायला नको होतं. तिच्या शाळेत बाईंनी सगळ्या मुलींना पहिल्या वर्षीच लावलेली ती शिस्त होती. वाचणारं बोट घरी उघडं ठेवायचं नाही. चिरायला, धुवायला, झाडायला बसलं की आधी बोटावर कापडी चिकटपट्टी गुंडाळायची, टोकापासून मधल्या सांध्यापर्यंत, आणि मगच कामाला हात लावायचा. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या बायका लग्नघरी कामाला जमल्या की हात हातात घेताच त्या पट्टीवरून एकमेकींना ओळखायच्या. आता डॉक्टरांनीच झाका म्हटल्यावर तिनं आणखी मनावर घेतलं. स्वयंपाकघर बहिणीकडे सोपवलं, साबण बदलला, लसूण बंद केला आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस, झोपेतसुद्धा, पट्टी काढली नाही.

बोट बिघडतच गेलं.

शेवटी तिनं औषधाच्या दुकानदाराला गाठलं. त्यानं काउंटरवरूनच बोट बघितलं आणि सात गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी खाज गेली, पाचव्या दिवशी ठिपके स्पष्ट लागले. तिनं मास्तरांना दोन तासांत बावीस पानं वाचून दाखवली आणि मास्तर म्हणाले, "आली गाडी रुळावर." गोळ्या संपून चार दिवस झाले आणि सगळं दुपटीनं परत आलं. तिनं आणखी सात आणल्या. या खेपेला बहिणीला सांगितलं नाही, आणि या खेपेला गुणही अर्धवटच आला.

मोठ्या रुग्णालयातला त्वचेचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण होता, प्रश्न मात्र संपतच नव्हते. त्यांनी तिचा हात दिव्याखाली धरला; दिव्याची ऊब मनगटाला लागत होती. आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. तुम्ही दिवसभर नक्की काय करता, हे त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारलं. तिनं सांगितलं की आधी नुकतीच छापलेली कोरी, म्हणजे लेप न दिलेली, पानं वाचायची. मग ती अंगणात लेपवाल्या काकांकडे जातात. ते त्यांवर कुंचल्यानं पातळ लेप देतात, म्हणजे शेकडो मुलांची बोटं फिरून ठिपके बसत नाहीत. लेप जास्त झाला तर ठिपके बुडतात, म्हणून वाळल्यावर ती पानं पुन्हा एकदा वाचायची.

"लेपात काय असतं?"

"राळ, आणि आणखी काय काय. काका सांगत नाहीत. त्यांची पाककृती आहे ती."

"आणि हे?" डॉक्टरीणबाईंनी तर्जनीच्या मधल्या सांध्यावरून आडवं नख फिरवलं. "इथे कातडी एकदम बदलते. रेघ मारल्यासारखी. जाणवतंय?"

जाणवत होतं. पट्टीचा वळ असेल, तिला वाटलं होतं. तेवढ्यात शेजारी बसलेली बहीण म्हणाली की ही रेघ ती महिनाभर बघतेय. एका बाजूला चांगलं बोट, दुसऱ्या बाजूला कच्चं मांस, तिला सांगवेना म्हणून ती थोडं लाल म्हणत राहिली. इतकी वर्षं ज्यांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली ती माणसं शब्द गाळून वाचून दाखवतात, हे कानामात्राला आत्ता कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी समजावून सांगितली. संशयित पदार्थांचे ठिपक्याएवढे नमुने पाठीवर चिकटवायचे, दोन दिवस तसेच ठेवायचे, मग काढून बघायचं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा बघायचं. ज्या पदार्थाशी शरीराचं वाकडं असेल तिथे कातडी फुगते. मग त्यांनी सहज विचारलं, पोटातून काही औषध चालू आहे का?

"नाही," ती म्हणाली.

दुकानदाराच्या दुसऱ्या सात गोळ्यांपैकी पाच पोटात गेल्या होत्या. हो म्हटलं तर बहिणीसमोर उघडं पडणार, तपासणी लांबणार, आणि महिनाअखेर नऊ दिवसांवर आली होती.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, सूज दाबणारी गोळी पोटात असेल तर पाठ गप्प बसते. पदार्थ दोषी असला तरी काही उठत नाही. "मग मी कागदावर 'काही नाही' असं लिहीन, आणि ते चूक असेल, आणि चूक आहे हे कुणालाच कळणार नाही."

चूक माहीत असून पान पुढे जाऊ देणं तिला बारा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. तिनं गोळ्यांचं सांगून टाकलं. बहिणीची खुर्ची करकरली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त तारीख तीन आठवडे पुढची दिली आणि बोटाला रोज लागतं ते सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं.

ते तीन आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. महिनाअखेर आली आणि गेली. ती बांधणीत बसली. तिथे पानं नुसती मोजून लावायची होती. वाचायची सवय असलेलं बोट मोजताना मध्येच शब्दांवर रेंगाळायचं आणि गठ्ठा चुकायचा. भिंतीपलीकडून नव्या वाचकाचा आवाज यायचा. चांगला, स्वच्छ आवाज होता. त्यानं तिला जास्तच धास्ती वाटायची. मास्तर दुपारी चहा घेऊन यायचे आणि नवीन मुलगा कसा घाई करतो त्याची तक्रार करायचे. ती तक्रार खरी की आपल्या समाधानासाठी, हे तिला ओळखता येईना. आता सगळ्यांच्याच बोलण्यातले गाळलेले शब्द ती शोधत बसायची.

पिशवीत साबण गेला, लसणाची पाकळी गेली, कोरा कागद, लेप दिलेला कागद, चिकटपट्टीचं रीळ. काकांनी लेपाची बाटली दिली, पण हातात ठेवताना म्हणाले, "तीस वर्षं लावतोय पोरी. माझ्या लेपानं कुणाचं बोट गेलं नाही." त्यांची बोटं तिच्या तळव्याला लागली. ती खरवडीसारखी होती. कामाचे हात म्हणून तिनं आजवर तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तयार नमुन्यांच्या रांगा पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, खाली तिच्या पिशवीतल्यांची वेगळी रांग. लेपाची बाटली त्यांनी लावली नाही, वाळलेल्या लेपाचा कागद पुरेसा होता; लसूणही बाजूला ठेवला. कच्चा लसूण कुणाचीही पाठ भाजतो, म्हणाल्या, तयार नमुन्यात तो आहेच. शेवटी थंडगार पेननं खुणा केल्या. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाजायला लागलं. डाव्या बाजूला एक जागा, वरून तिसरी-चौथी, आणि खालच्या रांगेत एक. ती बांधणीच्या बाकावर ताठ बसून राहिली. खालची रांग म्हणजे तिच्या पिशवीतली. पण त्यातलं कुठलं? कागद असेल तर? कागदाशीच वैर निघालं तर ब्रेलचा प्रश्नच मिटला. कशाशीच वैर निघालं नाही तर मग दोष कुणाचा हेही कळणार नाही आणि बोट असंच जाईल. तिला काही तरी निघायला हवं होतं आणि काहीच निघायला नको होतं. ती खाज मनात मोजत राहिली, एकदा मंद, एकदा तीव्र, जणू मोजल्यानं ती दुसरीकडे सरकणार होती.

पट्ट्या काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास थांबवलं, मग बराच वेळ बघितलं. दोन जागा धूसर आहेत, म्हणाल्या, पण आज काही सांगणार नाही. पट्टीच्या ओढाताणीनंही कातडी अशी होते. ज्यांचं वैर खरं असतं ते चौथ्या दिवशी वाढतं, नुसती चिडचिड असते ती ओसरते.

"कागद आहे का त्यात?"

"परवा."

परवा सकाळी ती तासभर आधी जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि मग त्यांचं बोट फिरताना तिला जाणवलं, अगदी हलकं, थांबत थांबत. तिनं विचारलं, तुम्ही हात लावून बघता?

"नुसत्या लाल रंगावर भरवसा नाही ठेवायचा. फुगवटा आहे का ते चाचपावं लागतं." मग त्यांनीच विचारलं, "तुम्हाला बघायचंय?"

त्यांनी तिचा डावा हात धरून पाठीमागे नेला. खालच्या रांगेपर्यंत बोट कसंबसं पोचत होतं. पहिली जागा सपाट. दुसरी सपाट. तिसरीवर, डाव्या तर्जनीच्या टोकाखाली, दाणेदार, उचललेलं काहीतरी लागलं. शंका घ्यायला जागा नव्हती. त्याच्या पुढची जागाही खडबडीत होती, पण कमी.

"कोण?" तिनं विचारलं.

"सपाट आहेत ते साबण आणि कोरा कागद. किंचित उठलाय तो लेपाचा कागद. आणि सगळ्यांत जास्त उठलीय ती तुमची चिकटपट्टी."

तिला आधी कळेचना. डॉक्टरीणबाई सांगत गेल्या. वरच्या तयार रांगेतही एकच पदार्थ उठला होता, राळ. पाइनच्या झाडाच्या चिकापासून करतात ती. काकांच्या लेपात राळ होती आणि त्या जुन्या पद्धतीच्या कापडी पट्टीच्या गोंदातही राळच होती. शरीर एखादा पदार्थ ओळखायला शिकतं, कधी आठवड्यात, कधी वीस वर्षांनी. शिकलं की त्या पदार्थाशी भांडतं आणि पुन्हा सहसा विसरत नाही. कामाच्या दिवशी तिच्या बोटाला लेपाची राळ थोडी थोडी लागायची. सुट्टीत ती बोट जपायची, म्हणजे राळ दोन दिवस बांधून ठेवायची. सांध्यावरची रेघ ही पट्टीची कड होती. डाव्या तर्जनीवरही बारीक खूण होती, फक्त पानांपुरती, कारण त्या बोटाला जपण्यालायक कुणी समजलंच नव्हतं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तुम्हाला जसं शिकवलं तसं तुम्ही जपलंत."

बहीण रडली. तिला मात्र रडू आलं नाही, कारण खरा प्रश्न तिथेच होता. पट्टी आजपासून बंद होईल, बोटाची सूज जाईल. पण त्याला पूर्वीसारखं वाचता येईल का? डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. नवी कातडी यायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणाल्या, आणि वाचण्याचं तुम्हीच मला सांगायचं.

व्यवस्थापकांनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. लेप दिलेली पानं यापुढे तिच्याकडे द्यायची नाहीत, ती नव्या मुलानं तपासायची, असं त्यांनी ठरवलं, आणि राळेशिवायचा लेप मिळतो का ते बघायला माणूस पाठवला. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की ती तपासणी कुठल्या मजल्यावर करतात. कोरी पानं वाचायला तिला टेबलावर परत घ्यायचं का, हे मात्र व्यवस्थापकांनी मोकळं ठेवलं. सहा आठवड्यांनी पाचव्या खंडाचं एक पान वाचून दाखव, एवढंच म्हणाले.

सहा आठवडे ती घरी एकही पुस्तक न उघडता राहिली. बोट उघडं असायचं आणि त्या उघडेपणाची तिला भीती वाटायची, डोक्यावरचं छप्पर काढल्यासारखी. आधी सालपटं गेली. मग भेग बुजली. मग एक पातळ, गुळगुळीत कातडी आली, आणि तीही तिला परकी वाटली. बहीण आता रोज मोजून सांगायची: रेघ पुसट झाली, रेघ गेली, नखाजवळ अजून एक चिरा आहे. एकदाही 'थोडं' म्हणाली नाही.

ठरलेल्या दिवशी ती टेबलावर बसली. समोर मास्तर होते, बाजूला व्यवस्थापक उभे होते. त्यांच्या बुटांचा आवाज थांबला होता. पान कोरं होतं, लेपाविना. तिनं बोट ठेवलं. ठिपके लागत होते, पण फार लागत होते, टोचल्यासारखे, एकमेकांत मिसळून. पहिली ओळ तिनं रांगत वाचली. दुसऱ्या ओळीत दोनदा मागे गेली. मास्तरांनी शब्द सुचवला नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. चौथ्या ओळीला दाब कमी केला तर अक्षरं सुटी झाली. दहाव्या ओळीला तिला जरा वेग आला. अकराव्या ओळीत ती थांबली.

"इथे पाचवा ठिपका नाहीये."

पेन्सिल हलली नाही. "आहे, ताई," मास्तर हळूच म्हणाले. "मला दिसतोय."

ती पुन्हा त्या अक्षरावर गेली. एकदा डावीकडून, एकदा वरून. नवी कातडी खोटं बोलत असेल तर इथेच सगळं संपलं, आणि ते तिला स्वतःच्याच तोंडानं सांगावं लागणार. शेजारच्या अक्षराचा पाचवा ठिपका तिनं चाचपला, मग हा. पुन्हा तो, पुन्हा हा.

"पान उचला," ती म्हणाली. "उजेडाकडे तिरपं धरून बघा."

कागद सरसरला. मास्तर खिडकीपाशी गेले, व्यवस्थापकही त्यांच्यामागे गेले. बराच वेळ दोघं तिथेच होते.

"आहे," मास्तर तिथूनच म्हणाले, "पण अर्धाच उठलाय. नुसता डाग आहे."

"मग वाचणाऱ्याला तो नाहीच," ती म्हणाली. "लिहा. पान एकशे बारा, ओळ अकरा."

मास्तर परत येऊन बसले आणि पेन्सिल कागदावर चालायला लागली. व्यवस्थापक पुढची पानं आणायला गेले. बोट हुळहुळत होतं. तिनं ते क्षणभर टेबलाच्या थंड कडेवर टेकवलं, आणि बारावी ओळ धरली.